शनिवारचा बाजार, नंबर एकोणचाळीस

इटेनच्या बाजारात माझी ताडपत्री
शेवटून दुसरी, कोबीवाल्या बाईच्या शेजारी.
शूज मी धुऊन, नाड्या काढून मांडतो.
नाड्या वेगळ्या विकतो. धंदा आहे.

दूरदेशचे लोक येतात इथे, महिनाभर धावतात,
जाताना बॅगेत जागा होईना म्हणून
शूज ठेवून जातात लॉजच्या दाराशी.
सोल उलटा केला की मला माणूस दिसतो:
हा टाच घासत चालायचा,
ही बाहेरच्या कडेवर पडायची,
आणि हा एक, ज्याने नुसते विकत घेतले,
धावला नाहीच.

जेरोतिच आली ऊन चढल्यावर.
पिठाच्या गिरणीतून थेट, भुवयांवर मका.
म्हणाली, शर्यतीचे नकोत, चुमो.
रोजचे दाखव. पहाटेच्या बारा किलोमीटरचे,
जिथे कुणी घड्याळ धरून उभं नसतं.

एकोणचाळीस नंबरात दोनच जोड होते.
एक पांढरा, तळाला जाड फोम,
तेलात फुगलेल्या मंडाझीसारखा.
दाबला की अंगठा आत जातो
आणि आतून कुणी हळूच परत ढकलतं.
दुसरा निळा. सपाट, चिवट, जरा अबोल.
जिभेवर शाईने लिहिलेलं कुणाचं तरी नाव,
धुऊन धुऊन त्यातलं फक्त ‘मा’ उरलेलं.

मी निळ्याची तारीफ केली.
पांढऱ्यात पैसे जास्त सुटले असते, तरी.
जाड फोमवर पाय डुलतो, म्हटलं,
घोटा कलंडतो, आणि उतारावर माती काय सांगते
ते वरपर्यंत पोचत नाही.
शिवाय फोम मरतो. दिसायला तसाच राहतो,
आतून कधीच गेलेला असतो.
बघ कडेला, सुरकुत्या पडायला लागल्यात.

ती वाद घालत बसली नाही.
डाव्या पायात पांढरा घातला, उजव्यात निळा,
आणि सुटली शाळेच्या फाटकापर्यंत.
कोबीवाली हसली. पोरं मागे धावली.
मी डोळे मिटून कानोसा घेत राहिलो:
टप्... काही नाही... टप्... काही नाही...
जणू एका पायाचं माणूस
लाल रस्त्यावरून लंगडी घालत चाललंय.

परत आली. धाप नाही.
घामाने एकच भुवई धुतली गेलेली.
पांढरा, म्हणाली.

मातीचं ऐकायचं नाही तुला?

माती?
धावून आले की आठ तास उभी असते मी, चुमो.
गिरणीची फरशी सांगतेच की सगळं,
टाचेला, गुडघ्याला, पार कंबरेपर्यंत.
पहाटेचा तो एक तास
मला कुणी काही सांगू नये.

अडीच हजार शिलिंग म्हटलं होतं, अठराशेवर आलो,
त्यातले तीनशे पुढच्या शनिवारी.
नाड्या फुकट दिल्या, हिरव्या,
आणि ती वळायच्या आत पस्तावलो.

मंगळवारी पहाटे अंथरुणातच होतो.
खिडकीखालून रोज घोळका जातो,
तीस-पस्तीस जण, अंधारात, न बोलता.
पावलं ओळखतो मी, निम्मी माझ्याच ताडपत्रीवरची:
ही किमाइयोची फाटकी टाच,
हा तो उंच पोरगा, डावं जरा उशिरा टेकवणारा.
तिचं शोधत राहिलो. मिळालं नाही.
आवाजांच्या मधे एक मोकळी जागा होती,
पावलाएवढी,
पुढे पुढे सरकत जाणारी.

निळे अजून पडून आहेत.
काल पाय घालून पाहिला.
मला दोन नंबरांनी लहान होतात.