घडी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सकाळच्या पाळीला,
चोवीस माग बडबडत असताना
ऑफिसच्या काचेआड मी मोबाइल उभा केला
पावतीपुस्तकाला टेकवून.
चार माणसं वरून खाली यायची होती.

ती गेली तेव्हाही मीच दाखवलं होतं सगळ्यांना,
चहाच्या सुट्टीत.
खाली आग, मग धूर, मग एक पांढरा ठिपका.
सायझिंगचा गुरुनाथ म्हणाला, किती लांब गेले म्हणायचं?
चारशे किलोमीटर. इथून मुंबई, पण उभी.
सिद्धेश्वर एक्सप्रेसला अख्खी रात्र लागते,
यांना नऊ मिनिटं.
"मग मुंबईलाच का गेले नाहीत बे," कोणीतरी म्हणालं
आणि भोंगा झाला.

सांगायचं राहून गेलं
की उंची हा त्यातला छोटा भाग.
वर जाऊन थांबलं तर दगडासारखं परत खाली.
म्हणून आडवं पळायचं,
अक्कलकोट पाच सेकंदांत मागे पडेल इतकं,
मग पडता पडता जमीनच खालून वाकत जाते
आणि पडणं संपत नाही.
सहा महिने ती माणसं पडत होती.
त्या पडण्यात जेवत होती, दात घासत होती,
एकीनं लेकीच्या वाढदिवसाला
पाण्याचा थेंब हवेत ठेवून
त्यातून आपला उलटा चेहरा दाखवला.

आता यान पाठमोरं झालं,
काही मिनिटं इंजिन पेटलं,
वेग जरासाच कमी केला.
जरासाच पुरतो.

नरसूबाई कुडक्याल आत आल्या तेव्हा
पडद्यावर काही नव्हतं.
हवेशी घासून यानाभोवती असा जाळ झालेला
की शब्दही बाहेर येत नाही.
"गेले का?"
नाही. वाट बघायची.
"किती गरम?"
मी आकडा सांगितला. त्या हसल्या नाहीत.
मे महिन्यात पत्र्याखाली बारा तास उभं राहिलेलं माणूस
आकड्याला हसत नाही.
बुडाला एक थर असतो, मी म्हणालो,
तो जळत जळत झडून जातो, आतलं वाचतं.
"हां," त्या म्हणाल्या, आणि पदरानं मान पुसली.

चार मिनिटं. पाच.
बॉबिन बदलायला गेलेला पोरगाही येऊन उभा.
मग खरखर, मग एक माणूस अगदी साधं काहीतरी बोलला,
एसटी सुटल्याची वर्दी द्यावी तसं.

आधी दोन लहान, मग मोठ्या
छत्र्यांची घडी मोडली.
नव्या लुगड्याची मोडते तशी,
सळ दिसत होते कापडात.
थोडा वेळ अर्धवट, चिमटीत धरल्यासारख्या,
मग पूर्ण.
आम्ही सगळे ओरडलो.
नरसूबाई चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकल्या,
"कोण घातलं रे ही घडी?"

चौघांची नावं मला पाठ होती,
कोण कुठल्या गावचं तेही.
हे माहीत नव्हतं.
"किती दिवस होतं तसंच दाबून?"
सहा महिने. त्याआधीचे वेगळे.
"आन् एक दोरा अडकला असता तर?"
मी काही बोललो नाही.
एकतीस वर्षं त्या चादरी घडी घालतात,
कडेला कड, वर तळहात फिरवून.
त्यातली एकही उलगडताना त्यांनी पाहिलेली नाही.
ती उलगडते कुठल्या लॉजवर,
कुठल्या बाळंतिणीच्या खोलीत.

समुद्रावर यान टेकलं. झाकण उघडलं.
एकेकाला धरून बाहेर काढलं, खुर्चीत ठेवलं,
पाय आपलंच वजन विसरले होते.
ती बाई हसत होती आणि मान सावरत नव्हती तिला.
"धरा की मागून, तान्ह्याची धरतात तशी,"
नरसूबाई मोबाइलला म्हणाल्या,
आणि आत गेल्या.

काचेतून दिसत होत्या.
मोराची एक चादर, घडी घालून झालेली,
त्यांनी पुन्हा उलगडली,
दोन्ही हातांनी वर झटकली,
पत्र्याखाली ती फुगली,
सावकाश खाली आली.
मग पुढची. मग पुढची.

त्या दिवशी त्यांचे चार डझन कमी भरले.
वहीत मी कमी लिहिले नाहीत.