मधला चेंडू

जिमखान्याच्या फळ्यावर आमची नावं जोडूनच:
गिरप-फर्नांडिस.
पेंटरनं मधली रेघ जरा लांबच ओढली होती.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, कस्टमच्या बंगल्यामागे
जांभ्याची भुकटी लोटून केलेलं कोर्ट.
जाळं रापणीचं, टाकाऊ, दाजी मेस्तांनी तुणलेलं.
पांढरा चेंडू दोन गेमांत लाल.
घरी आई विचारी, "शर्टार ह्या रगत कसला?"

बस्त्याव डावखुरा, तो उजवीकडे.
मी उजवा, डावीकडे.
म्हणजे मधली पट्टी दोघांच्याही फोरहँडची.
तिथं कुणी चेंडू टाकायचं धाडस करत नसे.

पुण्यात, दिल्लीत,
मग परदेशातल्या एका गारठलेल्या गावात, जिथे
प्रेक्षक अकरा आणि एक कुत्रा,
आम्ही मालवणीत ओरडायचो: "माझो!" "तुझो!"
समोरच्यांना वाटे, काही गुप्त डाव.

माझी सर्व्हिस असली की तो जाळ्याशी वाकलेला,
पाठीमागे एक हात.
एक बोट: मी धावतो, तू जागा भर.
मूठ: थांब, आहे तिथेच.
अंगठ्यावर सुरीचा जुना वण.
बायकोचा चेहरा कधी वाचला नाही
इतका मी तो हात वाचला.

दोनदा राष्ट्रीय विजेते. तिसऱ्यांदा अंतिम सामना,
टायब्रेक, आमचा मॅचपॉइंट,
आणि एक मऊ, उंच, आळशी चेंडू, बरोबर मधोमध.
शाळेतल्या पोरानंही मारला असता.
त्याला वाटलं माझा, मला वाटलं त्याचा.
कुणी "बस" न म्हटलेल्या पाहुण्यासारखा
तो आमच्यामध्ये एकदा टेकला
आणि निघून गेला.
पुढचे तीन गुण कसे गेले, आठवत नाही.

अकरा वर्षं.
तो कुवेतला गेला, परत आला.
मासळीच्या लिलावात आम्ही दोघंही तोंड फिरवायचो,
एकाच वेळी, सवयीनं.
त्याची माय गेली तेव्हा मी चर्चच्या फाटकाबाहेर उभा होतो.
त्यानं पाहिलं. मी निघालो.

यंदा रापणीला माणसं कमी पडली.
तांडेलानं मला ह्या दोरावर घातलं, त्याला त्या.
मुद्दाम की काय, देव जाणे.
सुरुवातीला दोन दोरांत दोन-तीनशे पावलं, वाळू, कुत्री.
मग प्रत्येक हिसक्याला ते अंतर थोडं थोडं खातं,
गुडघा कुरकुरतो,
आणि तो पाठमोरा, कमरेमागे दोर धरलेला.
मूठ.

मी थांबलो नाही. रापण थांबू देत नाही.

खांद्याला खांदा लागेस्तोवर जाळं काठाला आलं,
आणि एक बांगडा उसळला,
आमच्या चार पायांमध्ये पडला, मधोमध.
दोघांनी पाहिला. दोघं वाकलो नाही.
लाट आली, घेऊन गेली.

"तुझो होतो," बस्त्याव म्हणाला.
"नाय रे. तुझो."
"माझो खंयचो? तुझ्या उजव्या हाताक होतो."
"गप ओढा रे!" तांडेल खेकसला.