वर पाहणारा

मरेल झाडाला दोन माणसं लागतात.
एक खाली पाहायला, एक वर.
मालक हिशेब विचारतो:
मशीन एक, झाड एक, मग मजुरी दोघांची कशी?
मी त्याला बांधावर बसवतो, बिडी देतो,
आणि रुबाब तडवीकडे बोट दाखवतो.
तो निंबापासून वीस पावलांवर
काठी टेकून उभा आहे, मान वर करून.

आधी आमच्याकडे करवत होती,
दोन मुठींची. एक त्याची, एक माझी.
एकट्यानं ढकलली तर पातं वाकायचं,
कापायच्या ऐवजी नुसतं थरथरायचं.
रात्री भांडलो तरी सकाळी
समोरासमोर बसावंच लागे.
मग यावलच्या दुकानातून पेट्रोलचं मशीन आलं.
त्याला एकाच माणसाच्या मुठी.

जित्तं झाड बोलतं.
पडायच्या आधी करकरतं, हातात सांगून जातं.
मरेल झाड उभं असतं, साल असते,
शेंड्याला घारीचं घरटंसुद्धा असतं,
आणि आत वाळवीनं माती करून ठेवलेली.
पातं पोकळीत शिरलं की हात हलका होतो.
नवख्याला वाटतं, वा, लोणी कापतोय.
वर एक वाळकी फांदी
तीन उन्हाळे दुसरीच्या बेचक्यात नुसती टेकलेली.
तिला फक्त कुणीतरी खालून
खोड हलवायला हवं असतं.

वैशाखातला बुधवार. मी फैजपूरला लग्नात.
रुबाब म्हणाला होता,
"तू जाय भो, एकच निंब शे,
दुपारलगून आडवा करसू."

मी तीनदा फोन केला.
तो वाजत होता,
मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत,
दहा पावलांवर.
दहा पावलं म्हणजे किती, ते त्यालाच विचारा.
मांडीवर ओंडका, बाजूला मशीन चालूच,
टाकी रिकामी होईपर्यंत.
त्याचं ओरडणं मशीननं खाल्लं,
आणि मोर नदीच्या पलीकडून ज्यांनी आवाज ऐकला
त्यांना वाटलं, काम जोरात चाललंय.

मशीन थांबलं तेव्हा ओरडायला घसा नव्हता.
रात्री नऊची लाइट आली,
केळीला पाणी सोडायला जैतून आली,
तिला आधी पेट्रोलचा वास आला,
मग तो दिसला.

माझं नाव दगा.
माझ्या आधीची दोन लेकरं गेली,
म्हणून आईनं दगडाचं नाव ठेवलं,
मरणानं उचलू नये असं.
दवाखान्यात डोळे उघडल्यावर रुबाब हसला:
"नाव तुनं दगा, आनि दगा दिधा निंबनी."
मी हसलो नाही.
तिसरा फोन त्यानं उचलला नाही
तेव्हा मी पानात आणखी एक बट्टी घेतली होती,
वरून तूप मागून.

आता त्याचा डावा गुडघा वाकत नाही.
मशीन धरवत नाही, म्हणून तो वर पाहतो.
माझ्या पट्ट्याला सुतळी बांधलेली,
दुसरं टोक त्याच्या मुठीत.
मशीनपुढे हाक पोचत नाही, झटका पोचतो.
पुन्हा दोन मुठी झाल्या, असं मी एकदा बोललो.
तो म्हणाला, खाली पाहा, कामाकडे.

मालकाची बिडी संपलीय.
"म्हणजे नुसतं उभं राहायचे पैसे?"
"हो."
"आणि काहीच नाही पडलं तर?"
"तर त्याचेच."

पातं अर्ध्यात गेलंय. भुसा कोरडा, तपकिरी,
मधेच काळा पडतोय.
तेवढ्यात पट्टा ओढला जातो.
मी मशीन बंद करतो, मागे पळतो,
ठरलेल्या वाटेनं, मोकळ्या केलेल्या.
मालकही उठून पळतो, कशापासून ते न कळता.

काही पडत नाही.
फुफाट्यात आम्ही तिघं, माना वर.
"काई नई भो," रुबाब म्हणतो, "होला उडना."
आणि सुतळी परत
बोटाला गुंडाळून घेतो.