अडीच फूट

इंजिन होतं. रूळ नव्हते.
म्हणजे प्रतापनगरला होते, पण ते रुंद, नवे, घाईतले.
आमचं हे अडीच फुटांचं.
घोडा कसा अडीच घरं चालतो, दिघे फिटर म्हणायचे,
सरळ वाट नसली की आडवं जायचं.
आणि बॉयलरवर थाप मारायचे
बाजार उठल्यावर दावणीला उरलेल्या
बैलाला मारावी तशी.

तीन वर्षं मी नुसती पत्रं लिहिली.
दांडिया बाजारच्या माडीवर बसून
मराठीत जुळवायची, गुजरातीत मांडायची,
हिंदीत टाइप करून पाठवायची.
उत्तरंही तितकीच सविनय.
एका साहेबांनी सुचवलं, बागेत ठेवा ना,
वर रंग द्या, पोरं चढतील.
दिघ्यांनी त्या पत्राची नीट घडी केली
आणि गळत्या वॉल्व्हखाली सारली.

मला इंजिनातलं काही कळत नाही.
मला बेरीज कळते.

करजणजवळच्या जिनमध्ये, सरकीच्या ढिगाखाली,
तीनशे मीटर निघाले. जशुभाई अमीन म्हणाले,
उचला. पण पहिली शिट्टी मी वाजवणार.
बंद पडलेल्या वीटभट्टीत एकशेतीस,
त्यातले अकरा वाकडे.
उरलेले चारशेदहा डभोईपलीकडच्या एका भंगारवाल्याकडे.
तो किलोवर विकायला बसला होता,
आम्ही फुटांवर मागत होतो.
शेवटी त्याने उधार दिले. विकले नाहीत, उधार.
वहीत तसंच लिहिलंय.

आठशेचाळीस. पण टाकायचे कुठे?

कोठियापुऱ्यात नारसिंग राठवांच्या रानातून
जुना भराव जातो. लाइन उखडून नेली त्या साली
त्यांनी त्याच्यावर तूर लावली.
आम्ही पाचजण बांधावर बसलो.
ते शेंग सोलत राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, तूर निघाली की या.
मिरगाच्या आत उचला.
आमचं वेळापत्रक आजही एवढंच आहे.

पाणी दूध मंडळीचं, गोडं केलेलं.
बॉयलर तपासायला वर्षातून एकदा साहेब येतात,
गुलामनबी म्हणाला, दुधाचा बघतील, लगेच तुमचा बघतील,
एकाच चहात थई जशे.
त्याचे वडील याच लाइनवर कोळसा ओढायचे.
हे त्याने सहाव्या सभेत सांगितलं,
तेही कुणी विचारलं म्हणून.

भांडलोही. फलकावर कुणाचं नाव,
यात दोन सभा मोडल्या.
म्हणून फलक नाही.

फाल्गुनात, पहाटे तीनला आग घातली.
साडेसातपर्यंत काटा हलेना.
चाळीस माणसं उभी, कुणी बोलत नाही,
लग्नघरात नवरदेव रुसल्यासारखी.
राठवांची तेजल, वय वर्षं सहा,
मध्येच वाकून आत बघते आणि ओरडते,
एमां तो आग छे!
मी दचकलेच.
जन्मभर आगगाडी म्हणत आले,
विजेच्या गाडीलासुद्धा.

सव्वाआठला चाकं फिरली.
जशुभाईंनी शिट्टी धरली ती सोडेचनात,
दिघ्यांनी हात ओढून काढला.
आठशेचाळीस मीटरला किती वेळ लागतो?
चार मिनिटं. वाकड्या अकरांवर जरा जास्त.
पुढे भराव संपतो, एरंड लागतो.
वळायला जागा नाही.
तिथे थांबून सगळे एकमेकांकडे पाहू लागले
आणि हसत सुटले,
आणि इंजिन तसंच उलटं, पाठमोरं,
आलं त्या वाटेने निघालं.

सोळा फेऱ्या झाल्या.
खर्च: कोळसा, कापूस वेस्ट, तेल, सत्तावीस ताक.
ताकाचे पैसे मंडळीने घेतले नाहीत,
ते मी जमेत दाखवलेत.
राख नारसिंगभाईंनी नेली, दोन पाट्या, वांग्यांना.
दिघे संध्याकाळी चाकाला टेकून झोपले,
उठवलं नाही.

पुढची सभा मिरगानंतर.
रूळ कुणाच्या अंगणात ठेवायचे
हा विषय क्रमांक एक.