चाळीस मिनिटांचा थांबा

ओझिएरीहून येणारी माझी बस
पावणेअकराला चर्चमागं उभी राहते
आणि अकरा पंचवीसला परत निघते.
मधल्या वेळात बाकीचे ड्रायव्हर कॉफी पितात.
मी चढ चढून बाकिझिओच्या दुकानात जातो.

घ्यायचं काही नसतं. त्यालाही ते ठाऊक आहे.
एकोणीस वर्षांत मी त्याच्याकडून
एक सुरी घेतली आणि एक स्क्रू.
सुरी मुलासाठी, तो जहाजावर कामाला निघाला तेव्हा.
बदल्यात त्याच्याकडून एक नाणं मागून घेतलं,
सुरी फुकट दिली तर नातं कापलं जातं म्हणून.
ते नाणं बसच्या आरशामागं चिकटवलंय.
नातं आहे, फोन मात्र कमी येतात.

दारात पाय ठेवला की आधी वास:
शिंग तापल्यावर जळक्या केसांसारखा सुटतो तो,
त्यावर तेलाचा, त्याखाली ओल्या दगडाचा.
बायको म्हणते, शर्टाला बोकडाचा वास येतो.
बोकड नाही गं, मेंढा, मी म्हणतो,
आणि तोही मरून जमाना झाला.

बाकिझिओ काचेखालून एक सुरी काढून हातात देतो.
तो बोलत नाही, वजन बोलतं.
मिटलेली मूठ तळव्यात बसते
आणि तळवाच तिला विचारतो,
इतके दिवस कुठं होतीस?
उघडली की मर्टलच्या पानासारखं पातं,
त्यात माझं नाक, खिडकी, आणि खिडकीत
उलटा टांगलेला गावाचा डोंगर.

मग तो बाही वर सारतो.
त्याचा उजवा हात अस्वलाचा,
डावा, नुकताच न्हाव्याकडून आलेला.
केसानं गळा कापणारी माणसं असतील दुसरीकडं;
इथं पात्यानं केस कापतात, तोही स्वतःचा,
आणि मगच किंमत सांगतात.

गेल्या मंगळवारी बोनारियामावशी आली,
रुमालात गुंडाळलेली नवऱ्याची सुरी घेऊन.
पातं झिजून झिजून गवताची काडी झालेलं.
नवं बसवून देऊ? बाकिझिओनं विचारलं.
धार लाव, ती म्हणाली.
जेवढं झिजलंय तेवढं पोलाद
पावाबरोबर आम्हीच खाल्लंय.
त्यानं चाक सुरू केलं नाही.
साधा दगड घेतला, थुंकीनं ओला केला,
आणि आजाऱ्याला पाणी पाजावं तसा
हळूहळू हात फिरवत राहिला.

मी कोपऱ्याकडं वळलो.
तिथं एक सुरी, किंमतीची चिठ्ठी नसलेली.
ही केवढ्याला?
मागून त्याची भाची मल्लेना आली,
तोरिनोतली विमा कंपनी सोडून
दोन वर्षं भट्टीपाशी उभी राहणारी पोर.
विकायची नाही, माझी पहिली आहे,
मिटताना डावीकडं कलते.
माझी बससुद्धा डावीकडं ओढते, मी म्हणालो,
तरी रोज माणसं बसतात.

ती कानापर्यंत लाल झाली. पण विकली नाही.
खिशातून नासपती काढली,
आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं
तोच त्या कलत्या पात्यानं
एक चकती माझ्यापुढं धरली,
इतकी पातळ की तिच्यातून
दुकानाचा दिवा दिसत होता.
मी ती जिभेवर ठेवली आणि घड्याळ विसरलो.

खालून भोंगा वाजला. म्हाताऱ्या एफिझिओनं
माझ्या खिडकीतून हात घालून दाबला असणार.
उतारावरून धावलो, तोंडात गोडवा, गुडघ्यात कळ.
अकरा एकोणतीस.
कुणी काही बोललं नाही.

कॉर्कच्या झाडांपाशी तिसरं वळण घेताना
मागच्या बाकावरून बोनारियामावशी,
मांडीवर रुमाल, रुमालात धार,
एवढंच म्हणाली:
मला दिली नाही तिनं. पिकलेली होती का?