सुवैक, खड्डा क्रमांक तीन

काल दुपारी तोफज्जलने खड्डा खणला,
गुडघाभर खोल, टोपलीएवढा रुंद.
फावड्याने कडा लिंपल्यासारख्या होतात,
म्हणून मी त्या सुरीने खरवडल्या,
नारळ खवतात तशा.
तळाला दोन बोटं खडी. वर आडवी फळी,
फळीत खिळा. मोजायचं ते खिळ्यापासून.

मग पाणी. टँकरचं, समुद्राचं गोडं केलेलं,
बिलावर रियालमध्ये लिहिलेलं.
पहिला कॅन ओतला, वाळूने
आवाजही केला नाही.
दुसरा. तिसरा.
तोफज्जल म्हणाला, 'भाई, एवढ्यात माझी आंघोळ झाली असती.
दोनदा.'

नियम असा, की आधी रात्रभर पाजायचं.
तहानलेल्याला विचारू नये, किती पितोस;
पोट भरल्यावर विचारावं,
तेव्हाच तो खरं बोलतो.
सात वर्षं मी हे काम करतोय. वाक्य मात्र अब्बांचं,
दापोलीच्या दुकानातलं,
आणि ते माझ्या चुलत्याबद्दल होतं.

रात्र गाडीत. दर तासाला उठून खड्डा भरायचा.
कुंपणाशी खजुराची चार झाडं,
खाऱ्या पाण्याने शेंडे गळालेली,
अंधारात नुसते खांब.

सकाळी मोजपट्टी धरली.
पंचवीस मिलिमीटर, अडतीस सेकंद.
परत भरलं. छत्तीस.
परत. छत्तीस.

खल्फान खूश. नवा बंगला, पाच खोल्या,
'बघ, कशी जमीन आहे! सगळं पिऊन टाकते!'
मोडक्या अरबीत कसं सांगावं,
की पिणं वेगळं, पचवणं वेगळं.
जमीन जरा अडखळायला हवी.
घाणीची कणाकणाशी हुज्जत व्हायला हवी,
तेव्हा कुठे तिचं पाणी होतं.
इथे ती सरळ खाली जाते,
आणि खालचं सगळं
पस्तीस पावलांवरच्या विहिरीत वर येतं.

त्याची आई कहवा घेऊन आली. उभ्यानेच ऐकलं.
विहिरीकडे हनुवटी करून म्हणाली,
राशिदच्या वेळी गोड होती.
हमदच्या वेळी मचूळ.
जुवैनाच्या वेळी तिचं पाणी मी
बकऱ्यांनाच पाजलं.
बाळंतपणांवर मोजलेला हा तक्ता
माझ्या फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसेना.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतला.

निकाल : अयोग्य. बंद टाकी बसवावी,
नाहीतर दुसरी माती आणून थर द्यावा.
खल्फानने सही केली. पेन मात्र परत दिलं नाही.

परतताना तोफज्जलने विचारलं,
'आपल्या कॅम्पची वाळू कुठली?'
हीच. हाच किनारा.
'चव्वेचाळीस माणसं. तिथे खिळा कोणी ठोकला होता?'
मी रेडिओ लावला.
सात वर्षांत कॅम्पचा खड्डा एकदाही भरला नाही,
उपशाची गाडी कधी बोलवावी लागली नाही.
आम्ही त्याला नशीब म्हणायचो.
स्वयंपाकघराची बोअर त्याच्यामागेच आहे,
चहा तिच्यावर होतो.

गाडीत अर्धा कॅन उरला होता.
कॅम्पच्या दारात तोफज्जलने शर्ट काढला
आणि तो डोक्यावर ओतून घेतला, डोळे मिटून.
त्याच्या पायांभोवती वाळू काळी झाली.
मी घड्याळ बघितलं, सवयीने.