बारावा टेक

तालिन, नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
शाळेच्या व्यायामशाळेत भिंतींना गाद्या टेकवून
आम्ही एकोणीस जण, पायांत नुसते मोजे.
बुटांची करकर माइकला चालत नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ :
उलेमिस्ते तळ्यातून दर शरदात
एक ठेंगू म्हातारा वेशीवर येतो, दाढी निथळत,
विचारतो, शहर बांधून झालं का?
झालं म्हणालात, की तळं सोडलंच अंगावर.
पहारेकरी म्हणतो, छे हो, कितीतरी राहिलंय.

म्हाताऱ्याचा आवाज माडिसच्या तोरुपिलचा,
पिशवी फुगवून फुगवून त्याचे ओठ सुजलेत.
पहारेकरी म्हणजे माझं व्हायोलिन, दोनच सूर,
दुसरा अर्धवट सोडायचा, हे मला अजून जमत नाही,
हात आपोआप पुरा करतो.

सातव्या टेकला बाहेरून ट्राम गेली.
नवव्याला लेएलोच्या कानेलची तार उतरली.
अकराव्याला मी शिंकले.

काचेपलीकडून हिलार, हेडफोन गळ्यात :
झालं?

व्हिर्वेबाई घड्याळाकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे.
शेवटची बस सव्वानऊची.
हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू.
मागून डफवाला तावेत, वय वर्षं आठ,
गंभीरपणे म्हणाला,
अजून नाही.

कोणी हसलं नाही.
पुन्हा पहिल्यापासून.

निघताना दाराशी बूट शोधले.
सगळ्यांचे केव्हाच वाळलेले.
एक जोड, लहानसा, कुणाचा कोण जाणे,
तेवढा अजून निथळत होता.